सव्वीस मिनिटं

"ताई, तुमचा डबा लहान हाय, तुम्ही घ्या पुढं," ती बाई म्हणाली, आणि तिनं उर्वशीचा गव्हाचा डबा दोन्ही हातांनी उचलून रांगेच्या तोंडाशी नेऊन ठेवला. आर्णी रोडच्या मागच्या गल्लीतली पीठगिरणी. संध्याकाळचे सहा वाजले होते, तरी वैशाखाची झळ अजून भिंतींतून निघत होती. फरशीवर डब्यांची रांग होती, माणसं मात्र रांगेत नव्हती. कुणी भाजी आणायला गेलेलं, कुणी समोरच्या ओट्यावर पदरानं वारा घेत बसलेलं. डबेच आपापल्या माणसाच्या नावानं उभे होते. गिरणीवाल्यानं काही न विचारता उर्वशीचे गहू वर ओतले, पट्टा फिरला, कोमट पिठाचा वास आला, तरी तिला काहीतरी खटकत राहिलं. वाईट असं काही घडलं नव्हतं. उलट कुणीतरी चांगुलपणानं वागलं होतं. ती आभार मानायला वळली तेव्हा तिला त्या बाईचा स्वतःचा डबा दिसला. झाकण उघडं होतं आणि आत ज्वारी तशीच होती, दाणा न दाणा. म्हणजे नंबर तिचा होता. अशीच एक बाई दोन वर्षांपूर्वी हसून बाजूला सरकली होती, एका तांड्याच्या नाल्यात, पाणी भरायची हातातली वाटी झटकून. हनुवटीवर गोंदण होतं तिच्या. उर्वशीला वाटलं होतं, हिचं भरून झालं. पण तिची घागर भरलेली होती की रिकामी? उर्वशी गिरणीच्या खांबाला टेकली आणि डोळे मिटून त्या घागरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. घागरीचा काठ कोरडा होता. त्यावर ऊन चमकत होतं.

घरी येऊन तिनं पीठ तसंच ओट्यावर ठेवलं आणि मोबाइलमधले जुने फोटो उलटे सरकवत बसली. उर्वशीची नोकरी मोजण्याची होती. जिल्ह्यातल्या गावांना, कोलामांच्या पोडांना, तांड्यांना पाणी किती पुरतं हे एक संस्था दर दोन वर्षांनी मोजून काढी आणि त्याचा नकाशा करी. शाश्वत विकासाच्या वाटेवर जिल्हा कुठवर आला हे त्या नकाशावरून कळायचं. घरातून निघून, नंबर लावून, भरून परत उंबऱ्याशी यायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर त्या वस्तीवर हिरवा ठिपका. त्याच्या वर गेला की नारिंगी, फार वर गेला की लाल. टँकर कुठं, नळाची योजना आधी कुठं, हे ठरवणारी माणसं तो नकाशा समोर पसरून बसत आणि हिरव्या ठिपक्यावर कुणाचं बोट थांबत नसे. म्हणून उर्वशी मन लावून मोजायची. संस्थेतले बाकीचे पारावर बसून विचारत आणि मिळेल ते उत्तर लिहीत. ती तसं करत नसे. ती गळ्यात स्टॉपवॉच अडकवून बाईबरोबर चालत जाई, चालत येई. हा तिचा अभिमान होता. आणि आज गिरणीत उभं राहून तिला कळलं होतं की ती चालत गेली, म्हणूनच चुकली.

ढाणकीच्या पुढं, टेकडीच्या अंगाला बंजाऱ्यांचा वरचा तांडा होता. तिथं धनीबाई भेटली होती. हातभर पांढऱ्या बलिया, म्हणजे बंजारा बांगड्या, आरसे लावलेला घेरदार फेटिया, आणि चेहऱ्यावर अशा सुरकुत्या की हसू आधी डोळ्यांकडे निघालंय की तोंडाकडे ते समजू नये. उर्वशीनं फॉर्म उघडून विचारलं होतं, "मावशी, पाणी आणायला किती वेळ लागते?" धनीबाई म्हणाली, "वेळ? लागते तं लागते व माय. घड्याळ कोन पायते." आतून तिची सून बबिता म्हणाली होती, "पुरा दिवस खाते पानी. लिहा, पुरा दिवस." त्यावर धनीबाईनं मान न वळवता तिला झापलं, "चूप राय व. पाहुनी आता टेकली, तिनं घोटभर पानी नाही घेतलं, आन तू तांड्याचं रडगानं लावून राह्यली." मग स्टीलचा पेला आला, काठोकाठ. उर्वशीनं अर्धा प्यायला, अर्धा तसाच ठेवला, शहरात ठेवतात तसा. त्या अर्ध्या पेल्याची आज तिला आठवण झाली आणि तिनं समोरचा माठ पाहिला, पाहिला आणि नजर काढून घेतली. मग त्या दिवशी धनीबाई आणि ती निघाल्या होत्या. आठ मिनिटं उताराची वाट. नाल्याच्या कोरड्या पात्रात एक झिरा होता, म्हणजे वाळूत खणलेला कंबरभर खड्डा. त्याच्या तळाशी पाणी पाझरून साचायचं आणि ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. धनीबाई आपल्या बोलीत दोन शब्द बोलली. पलीकडे पळसाखाली बसलेल्या बाया हसल्या. गोंदणवाली बाजूला सरकली. नऊ मिनिटांत घागर भरली, नऊ मिनिटं चढाची वाट, उंबऱ्याशी उर्वशीनं बटण दाबलं. सव्वीस. शेरा लिहायच्या रकान्यात तिनं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, 'सुनेचे उत्तर अतिशयोक्त वाटते. प्रत्यक्ष मोजून खात्री केली.'

फोटो सापडला. नाल्याच्या काठाकाठानं घागरी, हंडे, प्लास्टिकच्या कळशा, वळणापर्यंत एकामागे एक. कुणाच्या गळ्याला चिंधी बांधलेली, कुणात निंबाची डहाळी, वाऱ्यानं लवंडू नये म्हणून कुणात धोंडा. खाली तिनं तेव्हा ओळ टाकली होती, 'नाल्याकाठी भांडी ठेवण्याची पद्धत.' तिला वाटलं होतं, घरं लहान, म्हणून भांडी बाहेर ठेवत असतील. बोटानं चित्र मोठं करत करत ती मोजू लागली. एक्केचाळीस. ज्या रांगेत माणूस उभं नाही ती रांग तिला रांग वाटलीच नव्हती, आणि दर वेळी गिरणीत ती स्वतः डबा ठेवून भाजी आणायला जात होती. एका घागरीला दहा मिनिटं धरली तरी एक्केचाळीसाव्या बाईचे जवळजवळ सात तास होतात. पुरा दिवस. सुनेनं आकडाच सांगितला होता.

तिनं संस्थेच्या सरांना फोन लावला. सर जेवत होते बहुतेक. ऐकून घेतलं त्यांनी. "फोटोवरून हिशेब नाही चालत उर्वशी मॅडम, तुम्हीच तर नवीन पोरांना शिकवता हे. हिरव्या वस्तीचा जुनाच आकडा आपण पुढं नेतो, आणि तो आपल्या पद्धतीनं मोजलेला आहे. बदलायचा तर पुन्हा दारापासून दारापर्यंत मोजून आणा. शुक्रवारी नवा नकाशा बंद होते. मग दोन वर्षं काही हलत नाही." ती म्हणाली, "आज बुधवार आहे सर." सर म्हणाले, "म्हणूनच सांगून राह्यलो, एका तांड्यापायी कायले जीव काढता." त्यांचा आवाज वाईट नव्हता. वाईट कुणीच नव्हतं यात, हेच तिला सोसवत नव्हतं. कुणी खोटं बोललं असतं तर बोट दाखवता आलं असतं.

सकाळच्या पहिल्या उमरखेड गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. महागावच्या अलीकडे उन्हं वर आली, उलंगवाडी झालेली, कापूस वेचून संपलेली शेतं दोन्ही बाजूंनी फिरू लागली, कुठं पऱ्हाट्यांचे ढीग, कुठं नुसतीच भेगाळलेली काळी. आणि तिला तिचं गाव नेर आठवलं, सप्ताह आठवला, आई आठवली. तिची आई मैनाबाई कीर्तनवेडी. कुण्या गावचे बुवा कोणतं आख्यान रंगवतात ते तिला तोंडपाठ. पोरीचं नावही तिनं एका आख्यानातूनच उचललं होतं, आणि सगळ्या आळीनं नाक मुरडलं तरी बदललं नव्हतं. काल्याच्या दिवशी देवळाच्या पटांगणात पंगती बसत. आईचा नेम होता, शेवटच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसायचा. आठ वर्षांच्या उर्वशीला भूक लागायची, वरणाच्या वासानं जीव जायचा, ती आईचा पदर ओढायची. आई म्हणायची, "थांब व बाई. आपल्या मांगं कोनी राह्यलं नाही, हे पायल्याबिगर घास गोड लागत नाही मले." आणि सप्ताहाचे ते कीर्तनकार बुवा, उंच, सावळे, गळ्यात वीणा. आख्यान ऐन रंगात आलं की ते एकदम आवाज खाली आणायचे, इतका खाली की पुढचेही कान टवकारायचे, आणि शेवटच्या खांबाशी बसलेल्या म्हातारीकडे हात करून विचारायचे, "मागं पोचते का माय?" म्हातारीनं मान हलवली की मगच पुढचं पद. पुढं बसलेल्या पागोट्यांना ते कधी विचारत नसत. पुढच्यांचं काय, त्यांना ऐकू येतच होतं. उर्वशीनं खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. गज तापला होता. एवढी वर्षं ती मोजत आली, आणि मोजायचं कुठून ते तिला आठव्या वर्षी एका पटांगणात सांगून झालेलं होतं.

तांड्यात ती पोचली तेव्हा साडेनऊ होत होते. धनीबाईच्या दाराशी बाजेवर रामसिंग बसला होता, धनीबाईचा नवरा. दोन वर्षांत माणूस निम्मा झाला होता. त्यानं कपाळावर हात धरून पाहिलं. "मोजाच्या बाई आल्या का," तो म्हणाला, आणि आत तोंड करून, "बबिता, पाहुनी आली." बबिता बाहेर आली. तिच्या मागं कुणी आलं नाही. उर्वशी दाराकडे पाहत राहिली, बलियांचा आवाज येईल म्हणून. मग तिनं विचारलं, "मावशी कुठं आहेत?"

"मांगच्या वैशाखात गेली," बबिता म्हणाली. शेजारच्या घराबद्दल सांगावं तसं सांगत होती ती; फार वेळा सांगून झालं होतं बहुतेक. "भर दुपारी जाये पान्याले. त्या वक्ती बाया घराकडं वयतात, रांग कमी राह्यते म्हने. मी म्हनो, जाऊ नको याडी, माय मही, मी जातो. आयके तं नं. भरून निंगाली, पळसाखाली बसली दम खायाले. उठलीच नाही." रामसिंग बाजेवरून म्हणाला, "घागर भरेल होती पन. मांडीत धरून बसली होती. सांडू नाही देल्ली." त्यात त्याला काहीतरी सांगायचं होतं, बायकोचं मोठेपण, आणि ते सांगून झाल्यावर तो पुन्हा टेकडीकडे पाहू लागला.

बबितानं पेला आणला. उर्वशीनं तो दोन्ही हातांत घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पाण्याला वाळूची चव होती. बबिता उंबऱ्यावर बसली. "टँकर येईन म्हनत होते मांगच्या साली. खालच्या दोन तांड्यायले आला. आमाले नाही. सरपंच सांगे, तुमच्याकडं पानी हाय असं कुठंसं लिहेल हाय. कोनं लिहिलं असंन व ताई?"

कोंबडी उंबऱ्याशी येऊन मान वाकडी करून पाहून गेली. उर्वशी म्हणाली, "मी लिहिलं, बबिता. माझं मोजणं चुकलं."

बबितानं निवडायचं सूप मांडीवर ओढलं. त्यातले खडे ती एक एक करून बाजूला काढत राहिली, बराच वेळ, खडे संपले तरी. "तुमी तं सोबत गेल्ता," ती शेवटी म्हणाली. "घड्याळ होतं गळ्यात. कसं काय चुकलं मंग?"

कसं चुकलं हे उर्वशीच्या जिभेवर होतं. तांड्यातल्या बायांनी पाहुणीला रांगेच्या पुढं घेतलं, म्हणून चुकलं. तुझ्या सासूनं दोन शब्द टाकले आणि एक्केचाळीस घागरी मागं राहिल्या, म्हणून चुकलं. चूक केली ती आपण. ती पदरात घ्यायला तिची ना नव्हती. पण हे कारण कुणाच्या पदरात टाकायचं? त्या गोंदणवालीच्या, जिनं साचलेलं पाणी सोडून वाटी झटकली होती? "घड्याळच चुकलं माझं," ती म्हणाली. "आज नीट मोजते. मावशीची घागर दे मला."

बबिता आत गेली. पितळेची घागर घेऊन आली, गळ्याशी पोचा आलेली. तिनं ती पदरानं पुसली, पुसायची काही गरज नव्हती, आणि हातात दिली. उर्वशीनं उंबऱ्याशी बटण दाबलं.

नाल्यात घागरींची रांग तशीच होती, काठाकाठानं, वळणापर्यंत. आता तिला ती घागरींची दिसत नव्हती. प्रत्येक चिंधीमागं एक बाई दिसत होती. तिनं एक एक करत अडतीस मोजल्या आणि सगळ्यांच्या मागं, जिथं काठ संपून बाभळी लागत होत्या, तिथं धनीबाईची घागर ठेवली. पळसाखालून हाक आली. "मोजाच्या बाई न व ह्या? मांगं कायले ठेवता घागर? आना इकडं." आणि हाकेमागोमाग हनुवटीवरचं गोंदण आलं. मानीबाई तिचं नाव. तिनं उर्वशीची विचारपूस केली, धनीबाईच्या नावानं डोळ्याला पदर लावला, आणि बोलता बोलता घागर उचलून थेट झिऱ्याशी नेऊन ठेवली. उर्वशीनं ती परत आणली. दुसऱ्या एका बाईनं पुन्हा नेली. उर्वशीनं पुन्हा आणली. बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "शहरातल्या बाईले उन्हाची हौस हाय वाटते." दुसरी म्हणाली, "करपून जासान व ताई, घरचे वयखनार नाहीत." पण मानीबाई हसत नव्हती. तिसऱ्यांदा घागर उचलताना तिचा चेहरा उतरला होता. "आमच्या हातून काही चुकलं का?" ती म्हणाली. "पाहुनीले आमी मांगं उभं केलं असं झालं तं धनीबाई वरतून शिव्या देईन मले."

उर्वशीला दिसलं की आता काहीतरी सांगावंच लागणार. खरं सांगितलं तर घागर इथंच राहील, क्षणात. बाया मागं सरतील, आकडा खरा येईल. आणि मानीबाई आयुष्यभर एका वाटीचा हिशेब करत बसेल. पुढं केलं म्हणून टँकर आला नाही. टँकर आला नाही म्हणून भर दुपार. भर दुपार म्हणून पळसाखाली धनीबाई. ऊन डोक्यावर चढत होतं. गळ्यातलं घड्याळ चालू होतं. आणि शब्द आपसूक आले, नेरच्या पटांगणातून, वरणाच्या वासासकट. "मह्या मायचा नेम होता मावशी," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी ती घरच्या बोलीत बोलत होती. "सप्ताहाच्या पंगतीत ते सगळ्यायच्या शेवटी बसे. माय गेली. तिचा नेम मह्याच्यानं कधी झाला नाही. आज तिच्या नावानं मले शेवटी राहू द्या. मह्या मांगं कोनी लागू नका, एवढं करा."

मानीबाईनं घागर हळूच खाली ठेवली. तिनं हात जोडले, उर्वशीला नव्हे, कुठंतरी वर. "नेम हाय तं मंग बोलनं खुटलं," ती बायांकडे वळून म्हणाली. "कोनी अडवू नका व." मग उशिरानं एक तरणी बाई कळशी घेऊन आली, तर मानीबाईनंच तिला हातानं खूण करून उर्वशीच्या पुढं जागा दिली. एकोणचाळीस.

तो दिवस उर्वशीच्या अंगावरून सावकाश गेला. झिऱ्याच्या तळाशी पाणी साचायला वेळ लागायचा. वाटी बुडेल एवढं झालं की बाई वाकायची, तीन वाट्या काढायची, आणि पुन्हा बसून राहायची. वाटी दगडाला घासल्याचा आवाज यायचा आणि बंद व्हायचा. बाया यायच्या, आपली घागर एक हात पुढं सरकवायच्या, घरी जाऊन भाकरी टाकून यायच्या. कुणी पोराला पाजत बसलेली. कुणी शिवत बसलेली. दुपार झाली तशी सावली पळसाच्या बुंध्याशी गोळा झाली आणि सगळ्या तिच्यात मावेनाशा झाल्या. हीच ती जागा. उर्वशीनं बुंध्याला पाठ लावली आणि पाठीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची तिला लाज वाटली. तिची जीभ टाळूला चिकटत होती. बबितानं पाणी पाठवलं होतं, ते तिनं दोन घोट घेऊन पुढच्या तरणीला दिलं. एकदा तिला गुंगी आली, आणि गुंगीत बुवा आले, उंच, सावळे, रांगेच्या कडेकडेनं वीणा सांभाळत चालत, शेवटच्या बाभळीपर्यंत. ते काही विचारणार एवढ्यात मानीबाईनं तिच्या खांद्याला हात लावला. मानीबाईचं पाणी केव्हाच भरून झालं होतं. ती घरी नेऊन ठेवून परत आली होती, नुसती सोबतीला बसायला.

"मांगच्या बारीले तुमी आल्या, तो दिवस मह्या ध्यानात हाय," ती म्हणाली. "झिऱ्यात चांगलं वाटीभर साचेल होतं. महाच नंबर होता. धनीबाई बोलली, पाहुनी हाय, तिले उन्हात ताटकळू नका. म्या म्हनलं, घ्या. अर्ध्या घंट्याच्या आत तुमी घरी. धनीबाई मरेस्तोवर सांगे ज्याले त्याले, आपल्या तांड्याच्या बायायनं पाहुनीची वाट अडवली नाही म्हनून. लई बरं वाटे मले आयकून." ती थोडी थांबली. "दुसरं काय देनार होतो आमी तुमाले."

उर्वशीनं तिचा हात आपल्या हातात घेतला. वाटी धरून धरून बोटांच्या पेरांना घट्टे पडले होते. "मी पण विसरले नाही मावशी," ती म्हणाली. "ते पाणी गोड होतं."

शेवटी झिरा तिचा एकटीचा झाला. मातकट, कोमट पाणी. ती वाकली, वाटी भरली, ओतली, थांबली. कंबर भरून आली. घागर तीनचतुर्थांश भरली तेव्हा तळ उघडा पडला, आणि मानीबाई म्हणाली, "बस झालं, शेवटच्याले एवढंच राह्यते." दोघी चढ चढल्या. घागरीच्या भारानं उर्वशीची मान दुखत होती आणि कानामागून पाण्याचा एक ओघळ पाठीत उतरत होता. दाराशी बबिता उभी होती, बाजेवर रामसिंग. उर्वशीनं उंबऱ्याशी बटण दाबलं. चारशे एक मिनिटं. एका हातानं डोक्यावरची घागर सावरत तिनं मोबाइलवर आकडा भरला. ठिपका क्षणभर कोरा झाला, आणि लाल. शेरा लिहायच्या रकान्यात जुनी ओळ तशीच होती, अतिशयोक्त वाटते. ती तिनं एकेक अक्षर करून पुसली आणि तिथं लिहिलं, 'शेवटच्या बाईपासून मोजले.'

मानीबाईनं तिच्या डोक्यावरची घागर उतरवायला हात दिला. दोघींनी मिळून ती उंबऱ्याच्या आत ठेवली, जपून, थेंबही न सांडता.

"झाला का नेम पुरा?" मानीबाईनं विचारलं.

उर्वशीनं तिच्या गोंदणाकडे पाहिलं. "झाला," ती म्हणाली.